एका लढाऊ विमानाची प्रतिकृती

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत गोरखी येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शताब्दी व्याख्यानमालेसाठी चिटणीसांनी मला विषय विचारला, तेव्हा मी भा. रा. तांब्यांच्या कवितेवर किंवा मध्य भारतातील मराठी वाङ्मयावर बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. मराठीच्या अध्यापकाकडून दुसरी अपेक्षा तरी कोणती करावी! मी 'लढाऊ विमानाची प्रतिकृती' असे उत्तर दिले तेव्हा त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि मग काही न बोलता ते आपल्या वहीत लिहून घेतले. त्यांच्या या सौजन्याबद्दल मी प्रथमच त्यांचे आभार मानतो. विषय वाटतो तितका ग्रंथालयाबाहेरचा नाही, हे आपल्या मनावर ठसवता आले तर मी स्वतःला धन्य समजेन.

आपण ज्या नगरात राहतो त्याचे नावच मुळी लष्कर आहे. दौलतराव शिंद्यांच्या छावणीचे शहर झाले आणि छावणीचे नाव शहराला चिकटून राहिले. आज त्या छावणीच्या आठवणी गल्ल्यांच्या नावांत आणि गोरखीच्या भिंतींत उरल्या आहेत. जिवंत लष्कर मात्र आपल्या डोक्यावर आहे. महाराजपूरच्या विमानतळावर १९८५ च्या जूनअखेरीस फ्रान्समधून मिराज-२००० जातीची पहिली विमाने उतरली. तेव्हापासून या शहरातल्या दोन पिढ्यांनी त्यांचा आवाज ऐकत अभ्यास केला, लग्ने लावली आणि दुपारच्या झोपा मोडून घेतल्या. वर्गात मी ओवी समजावून सांगत असताना वरून विमान गेले की आवाज ओसरेपर्यंत मी थांबतो. विद्यार्थीही थांबतात. त्या थांबण्यात कोणाला काही विशेष वाटत नाही, इतके ते आपल्या अंगवळणी पडले आहे.

फ्रेंच भाषेत 'मिराज' म्हणजे मृगजळ. आपल्या हवाई दलाने त्याला 'वज्र' असे नाव दिले. भाषेच्या अध्यापकाला या दोन नावांपाशी थबकावेसे वाटले तर आपण क्षमा कराल. एक नाव दिसते पण नसते अशा गोष्टीचे, आणि दुसरे ज्याहून कठीण काही नाही अशा गोष्टीचे. प्रतिकृती करणारा माणूस या दोहोंच्या मध्ये कोठेतरी उभा असतो.

प्रतिकृती आणि खेळणे यांत फरक काय, हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर आपल्या अंगणातच आहे. दिवाळीत आपण सर्वांनी मातीचे किल्ले केले आहेत. दगड-विटांवर पोते, पोत्यावर चिखल, चिखलात अळीव किंवा मोहरी पेरून उगवलेले रान. त्या किल्ल्याच्या बुरुजाहून दारावरचा मावळा उंच असतो, आणि सिंहासनावरचे महाराज सबंध बालेकिल्ला व्यापून बसतात. त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही, वाटूही नये. मुलाच्या मनात जे मोठे ते किल्ल्यावर मोठे. येथे माप भावनेचे असते. प्रतिकृतीत माप वस्तूचे असते. एकदा प्रमाण ठरले की महाराजांनाही त्यातून सूट नाही.

जयविलास राजवाड्याच्या भोजनगृहातली चांदीची आगगाडी आपण पाहिली आहे. मद्याच्या सुरया आणि सिगार घेऊन पाहुण्यांसमोरून टेबलावर फिरणारी ती गाडी कारागिरीचा नमुना खरीच; पण तिचे डबे सुरईच्या मापाचे आहेत, रेल्वेच्या मापाचे नाहीत. ती राजाची लाडकी वस्तू आहे. तिच्यावरून आगगाडी कशी होती हे कोणी ठरवू जाणार नाही. प्रतिकृतीवरून मात्र माणसे तसे ठरवतात, आणि तिची सारी जबाबदारी येथून सुरू होते.

विमानांच्या प्रतिकृतींत सर्वांत रूढ प्रमाण बहात्तरास एक. ते कोठून आले याची कथा साधी आहे. सहा फूट उंचीचा माणूस एक इंचाचा दाखवला की हे प्रमाण मिळते. इंग्लंडमध्ये १९३२ च्या सुमारास 'स्कायबर्ड्स' नावाच्या लाकडी संचांनी ते रूढ केले, आणि १९३६ मध्ये 'फ्रॉग पेंग्विन' या संचांनी त्याच प्रमाणात प्लॅस्टिकचे भाग आणले. मग दुसरे महायुद्ध आले आणि हा पोरखेळ एकाएकी गंभीर झाला. आकाशात दिसणारे विमान आपले की शत्रूचे, हे काही क्षणांत ओळखता येणे हा जीवन-मरणाचा प्रश्न झाला. सैनिकांना आकृती ओळखायला शिकवण्यासाठी प्रतिकृती हव्या होत्या. अमेरिकेच्या नौदलाने १९४२ मध्ये शाळांतील मुलांकडून अशा पाच लाख प्रतिकृती करून घेण्याची योजना आखली. बहात्तरास एक याच प्रमाणात कातलेली ती काळी लाकडी विमाने छताला टांगून तिकडच्या तरुणांनी आकाश वाचायला शिकून घेतले. वाचायला, असे मी जाणूनबुजून म्हणतो. आकृतीवरून अर्थ लावणे म्हणजेच वाचन.

आपल्याकडे हा छंद आला तो मुख्यतः एन. सी. सी. च्या हवाई शाखेतून. ही शाखा १ एप्रिल १९५० रोजी मुंबई आणि कलकत्ता येथे सुरू झाली. विमानाच्या प्रतिकृती करणे हा तिच्या शिक्षणाचाच एक भाग होता. बाल्साचे हलके लाकूड, पातळ कागद आणि चिकटद्रव्य एवढ्या भांडवलावर आमच्या महाविद्यालयातली मुले उडणारी ग्लायडरे करीत. त्यांतले एखादे पटांगणावरच्या कडुनिंबात अडकले की ते काढण्याची मोहीम मूळ उड्डाणापेक्षा रंगे. माझी ओळख या विद्येशी तेथलीच. पण उडणारी प्रतिकृती आणि ठेवायची प्रतिकृती यांचे धर्म वेगळे. पहिलीला उडावे लागते, म्हणून ती दिसण्याच्या बाबतीत तडजोड करते. दुसरीला काहीच करावे लागत नाही. नुसते खरे असावे लागते. हे 'नुसते' फार महाग पडते.

मी केलेली प्रतिकृती अठ्ठेचाळीसास एक या प्रमाणातली आहे. खऱ्या एकासनी मिराजची लांबी १४.३६ मीटर आणि पंखांचा विस्तार ९.१३ मीटर. अठ्ठेचाळिसाने भागले की सुमारे ३० सेंटिमीटर लांबी आणि १९ सेंटिमीटर रुंदी उरते. जेवणाच्या ताटात मावेल एवढे हे विमान. लांबी अठ्ठेचाळिसाने कमी होते, पण पृष्ठभाग अठ्ठेचाळिसाच्या वर्गाने, म्हणजे २,३०४ पटींनी कमी होतो, आणि घनफळ १,१०,५९२ पटींनी. रिकाम्या मिराजचे वजन साडेसात हजार किलोच्या आसपास असते. या हिशेबाने प्रतिकृतीच्या वाट्याला ६८ ग्रॅम येतात. भाजीवालीच्या तागडीत शंभर ग्रॅमच्या मापाने वर उचलले जाईल असे वज्र!

किटमधले भाग प्लॅस्टिकच्या चौकटीला, फांदीला कैऱ्या लगडाव्यात तसे लागलेले असतात. ते एकेक कापून घ्यायचे, देठाची खूण घासून काढायची, आणि चिकटवण्यापूर्वी कोरडेच जुळवून पाहायचे. हे काम आतून बाहेर चालते. प्रथम वैमानिकाची बैठक आणि समोरचा फलक, कारण धड एकदा बंद झाले की तेथे बोट जात नाही. मग धडाचे दोन भाग, मग पंख. मिराजचा पंख त्रिकोणी. शेपटीला आडवे पंख नाहीतच. त्यामुळे पंख आणि धड यांचा सांधा लांबच लांब असतो, आणि तो बुजवून, पाण्यात भिजवलेल्या पॉलिश पेपरने घासून, बोटाला लागेनासा करण्यातच आठवडे जातात. हवा आत घेणाऱ्या दोन तोंडांत अर्ध्या शंकूच्या आकाराचे दोन उंचवटे असतात. वेगाप्रमाणे ते पुढेमागे सरकतात. फ्रेंच मंडळी त्यांना 'उंदीर' म्हणतात. वैमानिकाच्या काचेपुढे, किंचित उजवीकडे, हवेतल्या हवेत इंधन घेण्याची नळी आहे. ती मध्यावर बसवली की विमान दिसायला नेटके दिसते, आणि ते मिराज राहत नाही.

या कामात एक विचित्र अनुभव येतो. सगळे मापात केले तर सगळे खरे दिसेल, असे आपल्याला वाटते. तसे होत नाही. रंगाचा थर दशांश मिलिमीटर जाडीचा असला तरी अठ्ठेचाळिसाने गुणल्यावर तो पावणेपाच मिलिमीटर होतो. एवढ्या जाड लेपाचे विमान कोणी रंगवत नाही. दोन पत्र्यांमधली फट प्रतिकृतीवर पाव मिलिमीटरची कोरली तर खऱ्या विमानावर तिची रुंदी सव्वा सेंटिमीटर झाली. रंगाचेही तसेच. खऱ्या विमानावरचा रंग आपण पंचवीस-तीस पावलांवरून पाहतो आणि मधली हवा त्याला थोडा फिका करते. तोच रंग जसाच्या तसा लहान वस्तूला दिला की ती काळवंडल्यासारखी दिसते. म्हणून जाणकार कारागीर मूळ रंगात पांढऱ्याचे काही थेंब मिसळतो. वस्तूशी प्रामाणिक राहायचे की दिसण्याशी, हा प्रश्न वास्तववादी कादंबरीकारालाही पडतो आणि हातात ब्रश धरलेल्या माणसालाही. दोघांचे उत्तर बहुधा एकच असते: वाचकाला जे दिसायला हवे ते दिसण्यापुरते वस्तूपासून दूर जायचे, आणि आपण किती दूर गेलो ते विसरायचे नाही.

हे सगळे झाले हाताचे काम. खरी अडचण त्याआधीची आहे. किटच्या डब्यावर 'मिराज-२०००' असे लिहिलेले असते. पण 'मिराज-२०००' नावाचे विमान जगात कोठेच नाही. जगात असते ते एखादे विशिष्ट विमान: अमुक क्रमांकाचे, अमुक स्क्वाड्रनचे, अमुक दिवशी अमुक तळावर उभे असलेले. आपल्या एकासनी मिराजवर 'के. एफ.' ही अक्षरे आणि पुढे आकडे असतात, द्विआसनीवर 'के. टी.'. प्रतिकृतीवर क्रमांक घालायची वेळ आली की 'साधारण असे असते' हे उत्तर चालत नाही. कोणते विमान? आणि कोणता दिवस?

मी दिवस निवडला तो जून १९९९ मधला. कारगिलच्या शिखरांवरून घुसखोरांना हटवण्यासाठी हवाई दलाची मोहीम २६ मे १९९९ रोजी सुरू झाली. दुसऱ्याच दिवशी आपली दोन लढाऊ विमाने गेली, आणि २८ मे रोजी एक हेलिकॉप्टर पाडले गेले. त्यातले चौघेही परतले नाहीत. खालून सोडलेल्या क्षेपणास्त्रांच्या टप्प्याबाहेर, अधिक उंचीवरून आणि अधिक अचूकपणे मारा करणे भाग पडले. नियंत्रणरेषा ओलांडायची नाही, हे बंधन होतेच. तेव्हा एअर चीफ मार्शल अनिल यशवंत टिपणीस हे हवाई दलाचे प्रमुख होते. 'बॅटल अ‍ॅक्सेस' या नावाने ओळखले जाणारे, ग्वाल्हेरचे ७ क्रमांकाचे स्क्वाड्रन पंजाबातील आदमपूरच्या तळावरून लढले. १७ जून रोजी मिराजांनी बटालिक भागातील मुंथो ढालो येथील रसदीचा तळ उद्ध्वस्त केला, आणि २४ जून रोजी सुमारे पाच हजार मीटर उंचीच्या टायगर हिलवरील ठाण्यांवर लेझरने मार्ग दाखवलेले बॉम्ब टाकले. ४ जुलै रोजी आपल्या जवानांनी ते शिखर सर केले. चढून गेले ते जवान, हे विसरता कामा नये. वरून झाले ते साहाय्य.

या स्क्वाड्रनचा जन्म १ डिसेंबर १९४२ चा, विशाखापट्टणमचा. तेव्हा त्याच्याकडे 'व्हेंजन्स' जातीची, सरळ खाली सूर मारून बॉम्ब टाकणारी अमेरिकन विमाने होती आणि त्यांनिशी ते ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढले. पहाडी मुलुखात अचूक बॉम्ब टाकण्याचे काम इतक्या वर्षांनी पुन्हा त्याच क्रमांकाच्या वाट्याला यावे, यात योगायोगाचा भाग असेल. वाचणाऱ्याला मात्र तो सुखावून जातो.

टायगर हिलवरच्या माऱ्यासाठी विमानाखाली 'लायटनिंग' नावाची इस्रायली बनावटीची नळकांडीसारखी दर्शनयंत्रणा लावली होती. ती आणि नवे बॉम्ब विमानाशी जुळवण्याचे काम आपल्या अभियंत्यांनी व तंत्रज्ञांनी फार थोड्या अवधीत पार पाडले. प्रतिकृती करणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा की मे महिन्यातले मिराज आणि जूनअखेरचे मिराज यांच्या पोटाखालची मांडणी एक नव्हती. आणि आजचे मिराज तर त्याहून वेगळे. या विमानांचे आधुनिकीकरण करण्याचा करार २०११ मध्ये झाला आणि २०१५ पासून सुधारलेली विमाने दलात येऊ लागली. फेब्रुवारी २०१९ मध्ये बालाकोटच्या मोहिमेवर गेलेल्या मिराजांकडे कारगिलच्या वेळची शस्त्रे नव्हती. म्हणजे आपल्या गच्चीवर उभे राहून, वरून जाणाऱ्या विमानाकडे बोट दाखवून, 'हेच ते कारगिलचे' असे म्हणता येत नाही. ते विमान कदाचित तेच असेल. त्याचा पाठ बदलला आहे.

'पाठ' हा शब्द आमच्या शास्त्रातला आहे. ज्ञानेश्वरीच्या प्रती लिहिता-लिहिता अशुद्ध झाल्या, म्हणून एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, तिचा पाठ शुद्ध केला. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ मध्ये हाती घेतली आणि १९६६ मध्ये पूर्ण केली. देशभरातून हस्तलिखिते आणून, शब्दाशी शब्द ताडून, डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर आणि त्यांच्यानंतरच्या संपादकांनी मूळाच्या जास्तीत जास्त जवळचा पाठ ठरवला. माझ्या टेबलावर नेमके हेच चालले होते. फक्त हस्तलिखितांच्या जागी छायाचित्रे होती. एका छायाचित्रात एखादी खूण दिसे, दुसऱ्यात दिसत नसे. एक छायाचित्र युद्धाच्या वेळचे म्हणून छापलेले, पण विमानाच्या पोटाखाली पाहिले की ते नंतरच्या कवायतीचे असावे अशी शंका येई. एकात रंग निळसर, दुसऱ्यात करडा. तो फरक विमानाचा, उन्हाचा की छपाईच्या शाईचा, ते कळायला मार्ग नसे. कोणती प्रत आधीची, कोणती नकलेची नक्कल, कोणता फरक लेखनिकाच्या हातचा, हे सारे प्रश्न मला पाठ्यचिकित्सेच्या तासाला शिकवून पाठ झालेले होते.

एका बाबतीत मात्र महाभारताचे संपादक माझ्यापेक्षा भाग्यवान. ज्या शब्दाबद्दल खात्री नाही त्याच्याखाली त्यांनी नागमोडी रेघ मारली आहे. त्या लहानशा रेघेत विद्वत्तेचा केवढा प्रामाणिकपणा साठलेला आहे! वाचकाला ती सांगते, येथे आम्ही तर्क केला आहे, तू सावध राहा. प्रतिकृतीला अशी रेघ मारता येत नाही. खूण एक तर रंगवायची किंवा रंगवायची नाही. झाकण उघडे तरी किंवा बंद तरी. 'असावे', 'बहुधा', 'एका मतानुसार' ही जी आम्हा लेखकांची सोयीची अव्यये आणि क्रियापदे आहेत, ती प्लॅस्टिकला ठाऊक नाहीत. प्रतिकृती प्रत्येक गोष्ट सारख्याच ठामपणे सांगते. जे मला छायाचित्रावरून नक्की कळले ते, आणि जे मी रात्री दहा वाजता रंग वाळत येताना अंदाजाने ठरवले ते, ही दोन्ही कपाटात ठेवल्यावर एकाच तेजाने चमकतात. पाहणारा म्हणतो, 'काय हुबेहूब केले आहे हो!' आणि त्या 'हुबेहूब'मध्ये माझे अंदाजही इतिहास होऊन बसतात.

दिवाळीचा किल्ला हा धोका निर्माण करत नाही. त्यावर कोणी इतिहास रचत नाही. प्रतिकृती जितकी उत्तम, तितका तिचा संशयाचा भाग अधिक झाकलेला असतो. म्हणून काम सुरू केल्यापासून मी एक वही ठेवली. दोनशे पानी, साधी, लाल पुठ्ठ्याची. तिच्यात विमानाचा प्रत्येक भाग क्रमाने लिहिला आहे आणि समोर तीन रकाने आहेत. पहिल्यात आधार, दुसऱ्यात आधार नसताना केलेला तर्क आणि त्याचे कारण, तिसऱ्यात जाणूनबुजून केलेला बदल, जसे रंगात मिसळलेले पांढरे. प्रतिकृतीला चौदा महिने लागले. वही अजून चालू आहे, कारण नवा आधार मिळाला की दुसऱ्या रकान्यातली एखादी नोंद पहिल्यात जाते, किंवा खोडली जाते.

आता एक आक्षेप, जो मला घरातही ऐकावा लागला आहे. मराठीचा मास्तर, सारी हयात संतांच्या वाङ्मयात घालवली, आणि हातात हे संहाराचे यंत्र? त्याचे एवढे लाड कशाला?

आक्षेप हलका नाही, म्हणून उत्तरही झटकून टाकण्यासारखे देणार नाही. पुराणात वज्र घडले ते दधीची ऋषींच्या अस्थींतून. शस्त्राच्या आत माणूस असतो, हे आपल्या पुराणकारांनी इतक्या स्पष्ट शब्दांत सांगून ठेवले आहे. प्रतिकृतीत सर्वांत आधी करायची ती वैमानिकाची बैठक, असे मी मघाशी म्हणालो. ती सव्वादोन-अडीच सेंटिमीटर उंचीची असते. तिच्यावर काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची एक कडी रंगवावी लागते. संकटात ती ओढली की बैठक वैमानिकासकट बाहेर फेकली जाते. ती कडी रंगवताना माणसाच्या मनात जे येते ते जयघोषाच्या जातीचे नसते. २८ जानेवारी २०२३ रोजी ग्वाल्हेरहून सरावासाठी उडालेली मिराज आणि सुखोई ही दोन विमाने कोसळली आणि मिराजचा वैमानिक प्राणास मुकला. युद्ध नव्हते, रोजचा सराव होता. वर्गात आवाज ओसरेपर्यंत आपण थांबतो, तेव्हा त्या आवाजात कोणीतरी बसलेले असते, हे मला प्रतिकृतीने शिकवले. तिच्यातली बैठक मी रिकामीच ठेवली आहे.

आपल्याकडे खंडेनवमीला शस्त्रांची पूजा होते. त्याच दिवशी सुतार आपली पटाशी, लोहार आपला हातोडा आणि आम्ही आमची पुस्तके पूजेला मांडतो. संहाराचे आणि निर्मितीचे साधन एकाच पाटावर, एकाच हळदीकुंकवाचे धनी. दसऱ्याला शिंदे घराण्याची देवघरातली पूजा जेथे होते त्या गोरखीत हे मी विस्ताराने सांगायची आवश्यकता नाही. शस्त्र पूजेला मांडायचे ते आधी स्वच्छ पुसून, म्हणजे नीट निरखून. निरखल्यावाचून केलेली स्तुती आणि निरखल्यावाचून केलेली निंदा, दोन्ही सारख्याच स्वस्त.

आता ग्रंथालयाकडे येतो. काही सभासदांनी प्रेमाने सुचवले आहे की ही प्रतिकृती मी शताब्दीची भेट म्हणून द्यावी. काचेच्या पेटीत, दर्शनी दालनात ती शोभेल. शोभेल खरी. पण नुसती प्रतिकृती देण्यास माझे मन धजत नाही. पन्नास वर्षांनी कोणी विद्यार्थी त्या पेटीसमोर उभा राहील आणि १९९९ चे मिराज असेच होते असे लिहून घेईल. माझा तर्क कोठे संपला आणि आधार कोठे सुरू झाला हे त्याला कोण सांगणार? म्हणून माझी विनंती अशी की ग्रंथालयाने आधी ती वही स्वीकारावी. तिला दाखल-क्रमांक द्यावा, तालिकेत तिची नोंद व्हावी, आणि पेटीवर पितळी पाटी लावायचीच असेल तर तिच्यावर माझ्या नावाऐवजी वहीचा क्रमांक घालावा.

आणखी एक विनंती आहे, आणि ती आपल्या सर्वांना आहे. वहीच्या दुसऱ्या रकान्यात, तर्काच्या रकान्यात, आज एकोणचाळीस नोंदी आहेत. त्यांपैकी बऱ्याच नोंदींची उत्तरे याच शहरात असावीत असे मला वाटते. मिराजवर हातांनी काम केलेली, तेल पुसलेली, खिळे आवळलेली माणसे निवृत्त होऊन येथे स्थायिक झाली आहेत. वैमानिकांची नावे वृत्तपत्रांत येतात, आणि यावीतच. या माणसांची येत नाहीत. त्यांना गुप्त काही विचारायचे नाही. जे उघड्या डोळ्यांना दिसत होते, आणि ज्याची नोंद करावी असे कोणाला वाटले नाही, तेवढेच विचारायचे आहे. जून १९९९ ची स्थानिक वृत्तपत्रे कोणाच्या माळ्यावर असतील, कोणाकडे त्या दिवसांतली पत्रे असतील. वि. का. राजवाडे कागदांसाठी गावोगाव हिंडले आणि पानिपतच्या काळातली पत्रे त्यांनी १८९८ मध्ये छापून काढली. त्या लढाईला तेव्हा जवळजवळ एकशे सदतीस वर्षे होऊन गेली होती, आणि लिहिणारे हात कधीच मातीत मिसळले होते. आपल्या वाट्याला आलेल्या युद्धाचे साक्षीदार अजून संध्याकाळी महाराज बाड्यावर भाजी घ्यायला येतात. त्यांना विचारण्यासाठी दोन गल्ल्या ओलांडण्याचे श्रम पुरेत.

ग्रंथालयाची शंभर वर्षे आपण मोजतो ती ग्रंथांच्या संख्येने. मला वाटते, ग्रंथालय हे गावाचे असे एकच ठिकाण आहे जेथे 'नक्की' आणि 'कदाचित' या दोन शब्दांसाठी वेगवेगळे कप्पे असू शकतात. बाहेरच्या जगात ते फार लवकर एकत्र होतात. पुतळ्यांत, मिरवणुकांत, भाषणांत, आणि कबूल केले पाहिजे की प्रतिकृतींतही, सर्व काही नक्कीच असते. तेव्हा ज्याला ज्याला एकोणचाळिसांपैकी एखादी नोंद खोडता येईल किंवा पक्की करता येईल, त्याने ग्रंथपालांकडे यावे. वही उद्यापासून त्यांच्या टेबलावर असेल, आणि तिच्यासोबत दोरीने बांधलेली एक पेन्सिलही.